न निवळलेला रस : दिंडोरीजवळच्या एका वायनरीतलं विकराचं प्रकरण

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. सकाळी पावणेसातला फोन वाजला. माझा एक जुना विद्यार्थी दिंडोरीच्या बाजूला एका लहान वायनरीत टाक्यांचं काम बघतो, त्याचा फोन. "मॅडम, एन्झाइमचा डबा खराब निघाला. दोनदा टाकलं, तरी रस जसाच्या तसा गढूळ. कॉलेजच्या लॅबमध्ये तपासून द्याल का?"

मी नाशिकला जीवरसायनशास्त्र शिकवते. विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, धडा दरवर्षी फळ्यावर होतो : कुलूप, किल्ली, ऊर्जेची टेकडी (अभिक्रिया होण्याआधी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा चढ), तिचा आलेख. त्या टेकडीपाशी तीन हजार लिटर रस अडून बसलेला मात्र मी प्रथमच पाहिला. म्हणून हे प्रकरण, माझ्या चुकलेल्या पहिल्या अंदाजासकट, सविस्तर लिहिते आहे.

घडलं काय

चेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या जातीची द्राक्षं. पहाटे तोडणी, क्रेट थेट प्रेसवर, संध्याकाळपर्यंत रस टाकीत. टाकीला थंड पाण्याचं जॅकेट आहे, त्यामुळे रस ७ अंश सेल्सिअसवर आणला होता. पांढऱ्या वाइनसाठी आंबवण्याआधी रस निवळावा लागतो. गर आणि सालीचे कण खाली बसवायचे, वरचा स्वच्छ रस दुसऱ्या टाकीत घ्यायचा आणि मग यीस्ट घालायचं. गाळासकट आंबवलं तर वाइनला नको ते वास येतात.

निवळण्याला मदत म्हणून रसातलं पेक्टिन तोडणारं पेक्टिनेज हे विकर घालतात. मात्रा १०० लिटरला २ ग्रॅम, म्हणजे या टाकीला ६० ग्रॅम. संध्याकाळी सातला ते घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतून बरणीभर रस काढून मागे वर्तमानपत्र धरलं तर मथळासुद्धा वाचता येईना. मालकांनी आणखी ६० ग्रॅम घालायला सांगितलं. अजून एक रात्र गेली. तळाशी थोडा थर बसला होता, वर पेरूच्या रसासारखा गढूळपणा तसाच.

छत्तीस तास झाले होते. रस असा ताटकळत ठेवता येत नाही. हवेने तो तपकिरी पडू लागतो, सालीवरचं रानटी यीस्ट जागं होतं, आणि मागच्या प्लॉटची द्राक्षं तोडणीला आली असतील तर त्यांना टाकी लागते. मालक स्वतः द्राक्ष बागाईतदार. खरड छाटणीपासून तोडणीपर्यंत वर्षभराचे कष्ट त्या टाकीत होते. मी पोचले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ताई, पावडर तीच, माप तेच. गेल्या वर्षी चार तासांत तळ दिसला होता."

रसातलं पेक्टिन

द्राक्षाच्या गरातल्या पेशी एकमेकींना पेक्टिनने जोडलेल्या असतात. गॅलॅक्टुरॉनिक आम्लाचे रेणू माळेतल्या मण्यांसारखे एकापुढे एक जोडून ही लांबलचक साखळी बनते. प्रेसमध्ये पेशी फुटल्या की पेक्टिन रसात उतरतं, पाणी धरून ठेवतं आणि रस बुळबुळीत होतो. त्याहून त्रासदायक म्हणजे ते गढूळ कणांभोवती वेष्टण बनून बसतं. पेक्टिनवर ऋण भार असतो, म्हणून वेष्टणातले कण एकमेकांना ढकलतात, एकत्र येत नाहीत आणि तळाला जात नाहीत. साखळीचे तुकडे झाले की वेष्टण फाटतं, आतला धन भाराचा प्रथिनाचा भाग उघडा पडतो, कण एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होऊन खाली बसतात.

हे काम द्राक्षाला नवीन नाही. मण्यात पाणी उतरतं आणि कडक मणी मऊ होऊ लागतो, तेव्हा मण्याची स्वतःची विकरं पेशीभिंतीतलं पेक्टिन सैल करत असतात. बागाईतदार बोटाने मणी दाबून बघतो तेव्हा तो विकरांचंच काम तपासतो. डब्यातलं पेक्टिनेज बहुधा ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून काढलेलं असतं, पण कामाची जात तीच.

विकर नसेल तर या माळेतल्या दोन मण्यांमधला बंध किती टिकतो? रिचर्ड वुल्फेंडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये साखरेच्या दोन घटकांमधल्या अशा बंधाचं तटस्थ पाण्यातलं आयुष्य मोजलं. २५ अंशांना अर्धे बंध आपोआप तुटायला सुमारे ४७ लाख वर्षं लागतील, असं त्यातून निघालं. अशाच बंधांवर काम करणारी विकरं सेकंदाला शेकडो बंध तोडतात. चार तासांत तळ दिसणं आणि कधीच न दिसणं यातला सगळा फरक त्या ६० ग्रॅम पावडरीवर टांगलेला होता.

माझा पहिला अंदाज

फोनवरच मी म्हटलं होतं, "सात अंशांवर एन्झाइम गारठलं असेल." मुलाला ते पटलं. मलाही पटलं होतं.

दिंडोरीच्या वाटेवरचं म्हसरूळ मागे पडलं तसं डोक्यात गणित सुरू झालं आणि अंदाज डळमळला. बहुतेक विकरांचा वेग १० अंशांनी तापमान उतरलं की साधारण निम्मा होतो. गेल्या वर्षी रस १७ अंशांवर असताना चार तास लागले असतील, तर ७ अंशांवर आठ-दहा तास लागावेत. फार तर पंधरा. इथे छत्तीस तास होऊन गेले होते आणि मात्रा दुप्पट झाली होती. थंडीने उशीर होतो, काम शून्यावर येत नाही. दुसरं काहीतरी होतं.

गंधकाचा संशयही मनात आला, कारण रस टिकावा म्हणून त्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे गंधकाचं संयुग घालतात. पण नेहमीच्या मात्रेला पेक्टिनेज दबत नाही आणि यांनी नेहमीचीच मात्रा घातली होती. रसाच्या आंबटपणाचं माप, म्हणजे पीएच, ३.३. तोही ठीक.

मग टाकीपाशी उभं राहून त्या मुलाला त्या संध्याकाळचं सगळं काम क्रमाने सांगायला लावलं. तिसऱ्याच वाक्याला तो म्हणाला, "...मग एन्झाइम टाकलं आणि लगेच बेंटोनाइटही सोडलं. यंदा वेळ वाचावा म्हणून एकत्रच उरकलं."

दीड किलो बेंटोनाइट. सकाळपासून पाण्यात भिजवून फुगवलेलं, विकराच्या पाठोपाठ त्याच झाकणातून ओतलेलं.

बेंटोनाइट ही माती आहे. वाइनमधली नको असलेली प्रथिनं ओढून काढायला ती वापरतात. तिच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो, आणि रसाच्या आंबटपणात बहुतेक प्रथिनांवर धन भार असतो, म्हणून प्रथिनं तिला जाऊन चिकटतात. आणि पेक्टिनेज हे प्रथिनच आहे. मातीला वाइन गढूळ करणारं द्राक्षाचं प्रथिन आणि आपण विकत आणलेलं विकर यांतला फरक कळत नाही.

मालकांना हे एकराच्या हिशेबात सांगितलं. पूर्ण फुगलेल्या बेंटोनाइटच्या एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असतो. दीड किलोचे सगळे पापुद्रे अंथरले तर शंभर एकरांहून मोठं शेत होईल. त्या शेतात ६० ग्रॅम पावडर, त्यातही खरं विकर थोडंसंच. दुसरे ६० ग्रॅमही त्याच शेतात मुरले. मात्रा वाढवण्याचा मालकांचा विचार वेडगळ नव्हता. पापुद्रे भरून जातील इतकं विकर घातलं असतं तर उरलेल्याने काम केलं असतं. पण तेवढी किंमत कोण मोजणार?

सहा बरण्या

सांगून भागलं नसतं. त्याच प्लॉटचा ताजा रस प्रेसमधून उतरत होता. त्यातला सहा लिटर घेतला आणि एकेक लिटरच्या सहा काचेच्या बरण्या भरल्या. १ ग्रॅम पावडर १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवली. त्यातले २ मिलिलिटर एका लिटरला घातले की टाकीचीच मात्रा होते.

पहिल्या बरणीत काहीच नाही. दुसरीत विकर, १७ अंशांवर. तिसरीत विकर, पण बरणी फ्रिजमध्ये ७ अंशांवर. चौथीत विकर आणि बेंटोनाइट एकत्र, १७ अंशांवर. पाचवीत विकर घालून चार तासांनी बेंटोनाइट. सहावीत तेच द्रावण, पण आधी पाच मिनिटं उकळून थंड केलेलं.

पेक्टिन उरलंय का हे अल्कोहोलने कळतं. एक भाग रस, दोन भाग आम्लयुक्त अल्कोहोल. पेक्टिन शिल्लक असेल तर काही मिनिटांत जेलीचे धागे वर तरंगतात. नसेल तर द्रावण साफ राहतं.

तीन तासांनी दुसऱ्या बरणीत फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या दिसू लागल्या. अल्कोहोलमध्ये धागा नाही. तिसऱ्या, फ्रिजमधल्या बरणीत धागे होते, पण पहिल्या बरणीइतके दाट नव्हते. चौथीच्या तळाशी मातीचा थर बसला होता, वर मात्र गढूळ. तिच्या चाचणीत जेली आली. उकळलेल्या विकराची सहावी बरणी आणि काहीच न घातलेली पहिली यांत फरक सांगता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजमधल्या बरणीची चाचणीही साफ निघाली. थंडीने फक्त वेळ वाढवला होता. चौथीत जेली थोडी कमी झाली होती, पण होती. पाचवी बरणी सगळ्यांत देखणी : आधी विकराने काम आटोपलं, मग मातीने गाळ घट्ट बसवला. मालकांनी तिच्यामागे वर्तमानपत्र धरलं आणि बाजारभावांची बारीक अक्षरं वाचून दाखवली.

डबा चांगला होता. ज्या पुरवठादाराला रागाचा फोन जाणार होता, तो गेला नाही.

उकळलेल्या बरणीपाशी

मला सगळ्यांत जास्त वेळ सहाव्या बरणीपाशी थांबावंसं वाटलं. उकळलेल्या द्रावणात विकराची अमिनो आम्लांची साखळी अखंड असते. वजन तेच, अणूंची जुळणी जवळजवळ तीच. मोडते ती घडी, म्हणजे साखळी दुमडून बनलेला आकार. आणि घडी मोडली की वेग जातो, तो निम्मा होऊन नव्हे, विकर नसतानाच्या वेगाकडे परत जातो.

पेक्टिनेजमधल्या पॉलिगॅलॅक्टुरोनेज या विकराची घडी पाहण्यासारखी आहे. साखळी उजवीकडे वळत एकावर एक वेटोळी घेते. नवारीची गुंडाळी आडवी ठेवावी तशी एक लांबट नळी तयार होते. पेक्टिनवर काम करणाऱ्या विकरांच्या घराण्यात ही रचना पहिल्यांदा १९९३ मध्ये दिसली, आणि तेव्हा प्रथिनांच्या घडीचा तो नवाच नमुना ठरला. नळीच्या एका बाजूला खाच असते. पेक्टिनची साखळी रहाटावरच्या दोरासारखी त्या खाचेत बसते. खाचेत नेमक्या जागी ॲस्पार्टिक आम्लाचे तीन अवशेष (साखळीतले अमिनो आम्लांचे दुवे) समोरासमोर असतात. त्यांतला एक तुटणाऱ्या बंधाला प्रोटॉन देतो आणि बाकीचे पाण्याच्या रेणूला हल्ल्यासाठी तयार करतात. साखळीत यांतले दोन शेजारीच असतात, तिसरा मात्र वीसेक अवशेष दूर. घडीने त्यालाही जवळ आणून बसवलेलं असतं.

एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकर आणि ते ज्यावर काम करतं तो रेणू यांना कुलूप-किल्लीची उपमा दिली, तीही यीस्टच्या विकरांवर काम करताना. ती अजून पुस्तकात आहे आणि असावी. पण तिच्यातून एक गैरसमज मुलांच्या डोक्यात पक्का बसतो की विकर पेक्टिनच्या मूळ आकाराला अचूक बसतं. तसं असतं तर पेक्टिन तिथे आरामात पडून राहिलं असतं. लायनस पॉलिंग यांनी १९४० च्या दशकात खरं मर्म मांडलं : विकर सर्वांत घट्ट धरतं ते अर्धवट तुटलेल्या, क्षणभरच्या, ताणलेल्या अवस्थेला. बंध तुटताना साखरेचं कडं सपाट होऊ लागतं आणि त्यावर धन भार येतो. एरवी ही अवस्था फार महाग पडते. खाचेतले भार आधीच त्या अवस्थेला आधार देतील असे रचलेले असतात, म्हणून ती स्वस्त होते. टेकडीची उंची उतरते ती अशी.

आता हालचाल. डॅनियल कॉशलंड यांनी १९५८ मध्ये सांगितलं की रेणू येऊन बसला की विकर स्वतः आकार बदलतं. याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण याच वायनरीच्या पुढच्या टाकीत सापडतं. यीस्टच्या पेशीत ग्लुकोज शिरलं की पहिलं काम हेक्सोकायनेज हे विकर करतं : एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा फॉस्फेट गट ग्लुकोजला जोडतं. त्याचे दोन खंड असतात आणि मध्ये फट. ग्लुकोज फटीत बसलं की एक खंड दुसऱ्याकडे सुमारे १२ अंशांनी वळतो आणि फट मिटते. मिटण्याने दोन गोष्टी साधतात : एटीपी आणि ग्लुकोज नेमके समोर येतात, आणि पाणी बाहेर राहतं. पाणी आत राहिलं असतं तर एटीपीचा फॉस्फेट गट ग्लुकोजऐवजी पाण्याला गेला असता आणि पेशीची ऊर्जा वाया गेली असती.

ग्लुकोज मोडण्याच्या कामांच्या त्याच साखळीत पुढे ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज हे विकर येतं. त्याला अकरा अमिनो आम्लांचं लहानसं झाकण आहे. संशोधकांनी त्या झाकणातली चार अमिनो आम्लं काढून टाकली तेव्हा विकराचं काम सुमारे एक लाख पटींनी मंदावलं, आणि अर्धवट झालेला रेणू निसटून बिघडू लागला. खाच जागेवर होती, रासायनिक अवशेष जागेवर होते. झाकण नीट मिटत नव्हतं, एवढंच.

म्हणून माझी समजूत अशी : विकराची घडी काम करण्याची जागा तयार करते, आणि हालचाल त्या जागेत रेणूला घेणं, नेमका बसवणं, पाणी अडवणं आणि काम झालं की सोडून देणं ही कामं करते. हालचाल थेट बंध तुटण्याच्या क्षणालाही ढकलते का, यावर तज्ज्ञांत बरीच वर्षं वाद आहे. आरिये वॉर्शेल यांच्यासारख्या अभ्यासकांचं म्हणणं, वेगाचा मोठा वाटा आधीच रचून ठेवलेल्या भारांचा आहे. मला त्यांची बाजू जास्त पटते. पण रेणूला येऊ न देणारं, जाऊ न देणारं ताठ विकर कितीही सुरेख रचलं तरी एकदाच काम करून थांबेल, याबद्दल कुणाचंच दुमत नाही.

थंडीत काय होतं तेही यातून उलगडतं. ७ अंशांवर घडी शाबूत असते, हालचाल मंदावते आणि टेकडी ओलांडण्याइतकी ऊर्जा कमी रेणूंपाशी असते. गरम केलं की विकर पुन्हा पूर्ववत. उकळलं की घडी जाते आणि थंड केल्यावर हे विकर सावरलं नाही. मातीत अडकलं की घडी कदाचित बरीचशी टिकते, पण खाचेचं तोंड पापुद्र्याला टेकलेलं असतं आणि इकडेतिकडे हलायला वाव राहत नाही. पेक्टिनची लांब साखळी तिथवर पोचतच नाही. बाहेरून तिन्ही बरण्या सारख्याच गढूळ दिसतात. मागचं कारण दर वेळी वेगळं.

पेशीत असा क्रमाचा गोंधळ होत नाही, कारण पेशी जागा आणि क्रम दोन्ही सांभाळते. आपल्या लासलगावच्या कांद्यात ॲलिनेज हे विकर रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या एका पिशवीत, बंद असतं आणि ज्यावर ते काम करतं तो पदार्थ पेशीद्रवात. सुरी फिरेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की डोळ्यांत पाणी आणणारं द्रव्य बनवायला ॲलिनेजनंतर आणखी एक वेगळं विकर लागतं. आधी कोण आणि मग कोण, हे कांद्याने ठरवून ठेवलेलं असतं. टाकीत ते माणसाला ठरवावं लागतं.

टाकीचं काय केलं

नवं विकर सरळ त्याच टाकीत घातलं असतं तर तेही मातीत गेलं असतं. आधी माती काढणं भाग होतं. मालकांना हा आणखी एक दिवस नको होता, पण बरण्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. रस आणखी काही तास न ढवळता थंड ठेवला, तळचा मातीचा थर सोडून वरचा रस हळूहळू दुसऱ्या टाकीत घेतला. घेताना टाकीत ड्राय आइस टाकलं, म्हणजे वर कार्बन डायऑक्साइडचा थर राहील आणि हवा लागणार नाही. जॅकेट बंद करून रस १५ अंशांवर येऊ दिला. याहून वर न्यायची माझी तयारी नव्हती, रानटी यीस्टची भीती होती.

मग ६० ग्रॅम विकर, थोड्या पाण्यात कालवून, पंपाने रस फिरवत घातलं. दर तासाला अल्कोहोलची चाचणी. चौथ्या तासाला धागे विरळ झाले, सहाव्याला संपले. बरण्यांपेक्षा उशीर झाला, कारण थोडी माती रसात उरली असणार. चाचणी साफ आल्यावरच टाकी पुन्हा थंड केली. सकाळी काचेच्या नळीत गाळाची रेषा स्पष्ट दिसत होती.

नुकसान झालंच. दोनदा रस हलवण्यात आणि गाळात मिळून सुमारे अडीचशे लिटर गेले, आणि रसाचा रंग मला हवा होता त्याहून एक छटा गडद झाला. मुलाला त्याचं फार लागलं. मी त्याला विकरांची कुलूप-किल्ली शिकवली होती. विकर हे प्रथिन आहे आणि प्रथिनाला जे जे चिकटतं ते सगळं त्यालाही चिकटतं, हे तासाला एकदाही म्हटलं नव्हतं. आता दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी पाचवी आणि सहावी बरणी प्रात्यक्षिकात घेतली आहे.

आठवड्याने सोव्हिन्यों ब्लाँ या दुसऱ्या जातीचा रस उतरला. या वेळी विकर प्रेसखालच्या ट्रेमध्येच घातलं, रस १६ अंशांवर. पाच तासांनी त्याने फोटो पाठवला : दोन परीक्षानळ्या, दोन्हींत अल्कोहोल, एकीत जेलीचे धागे, दुसरी नितळ. खाली लिहिलं होतं, "मॅडम, डावी विकराआधीची. बेंटोनाइट अजून पोत्यातच आहे. आंबवण झाल्यावर काढीन."